बर्फ करडा येतो तेव्हा

रात्री साडेअकराला शर्वाणीचा फोन.
तिकडे दुपार, पण उजेड आटत आलेला.
"मामा, बर्फ करडा येतोय.
सगळा. ओल्या सिमेंटसारखा.
आणि त्यावर दगडाचा सील म्हणजे नुसता डाग."

तासगावात बसून मी बर्फाचं काय सांगणार?
माझा बर्फ भुश्शात गुंडाळलेला, गोळ्याच्या गाडीवरचा,
आणि एकदा मे महिन्यात
दुबईहून मुलगा येईपर्यंत
दामूअण्णांच्या खाली सरकवलेल्या दोन लाद्या.

पण साखर काढलीय मी.
कारखान्याच्या पहिल्या पाच पोत्यांचं पूजन,
पांढरी साखर, पांढरे सदरे, पांढऱ्या टोप्या,
आणि दुसऱ्या दिवशी चेअरमन फोटो आपटून म्हणाले,
"साखर मळकी का आमची?"
तेव्हा कळलं, मीटरला पांढरं सोसत नाही.
लग्नाच्या बैठकीत मधे पडणाऱ्या माणसासारखं
त्याला सगळं मध्यावर आणायचं असतं.

म्हटलं, एक स्टॉप उघड.
दीड उघडलास तरी चालेल.
बॅटऱ्या पोटाशी धर.
आत जाताना कॅमेरा पिशवीत घट्ट बांध;
कोल्ड स्टोरेजमधला बेदाणा एकदम उन्हात काढला
की खोक्यांना घाम फुटतो,
तसा काचेलाही फुटेल.

मग फोटो आले.
हाडाची सुईदाणी. कातड्याचे हातमोजे, त्यावर बारीक टाका.
एका पायावर नाचणारं अस्वल
आणि मागे थिजलेला समुद्र, पांढरा, पांढराच.
चांगले होते. कॅलेंडरवर शोभतील इतके.
खाली शर्वाणीनं लिहिलं होतं,
ज्यांनी हे कोरलं त्या आलासीआजी विचारतात,
"जमिनीवर का ठेवलंस? हरवलंय का ते?"

मार्चमध्ये ती आली, पायमोज्यात सील घेऊन.
"मामा, तू काढ."
मी काळं मखमल अंथरलं, दोन दिवे लावले.
सील कलंडला.
पुन्हा ठेवला, पुन्हा कलंडला.
त्याला बूडच नाही.
कणकेची गोळी लावून बघितली, तर
बारशाला बसवलेल्या बाळासारखा दिसायला लागला.
कोल्ड स्टोरेजात नेला, चार डिग्रीत,
खोक्यांवर छापलेल्या द्राक्षांच्या घडांमध्ये.
तिथं तो पाहुणा वाटला,
चहा नको म्हणणारा.

बाहेर शेडमध्ये बेदाणा निवडणं चाललं होतं.
मालननं हात पुसला न पुसला, उचलला.
"वजरी व्हय?"
उलटा करून खरखरीत बाजू शोधली.
नव्हती.
"मग टाच कशानं घासायची?"
बायका हसल्या.
ती हसली नाही. तिचा अंगठा
सीलच्या पाठीवरून गेला, मानेशी थांबला, परत आला.
जिथं आलासीआजींची कानस थांबली असेल
तिथंच, असं मला वाटलं; खरं-खोटं कोण सांगणार.
"गार हाय," मालन म्हणाली.
मग थोड्या वेळानं,
"न्हाय. आता न्हाय."

मी कॅमेरा काढला.
शेडमधला अंधार, काळा दगड, रापलेला तळवा,
बोटांना चिकटलेला गोडवा, त्यावर देठांचा चुरा.
मीटर लगेच मधे पडलं,
तिचा हात गोरा करायला निघालं.
तीस वर्षं नवऱ्यामुलींना मी तसंच करून दिलंय,
मागितलं नसलं तरी.
या वेळी एक स्टॉप मिटवला.

फोटो तिकडे गेला.
आठवडाभर काही नाही.
मग शर्वाणीनं उत्तर पुढे पाठवलं.
दगडाबद्दल अक्षर नव्हतं, उजेडाबद्दल नव्हतं.
आलासीआजींनी एवढंच विचारलं होतं,
"या बाईच्या अंगठ्याचं नख काळं का पडलंय?"

बारा वर्षं मालन माझ्या स्टुडिओसमोरून
डबा घेऊन कामाला जाते.
मी विचारलं नव्हतं.